गावचं बंद घर राहतं करताना: आधी काय, मग काय

गणपतीचे दिवस असतात. अंगण हिरवंगार, विहीर काठोकाठ, घरात वीस-पंचवीस माणसं. अशा वेळी कोणीतरी म्हणतं, "पुरे झालं शहर, आता गावीच राहायचं." दिवाळीनंतर गवंडी येतो, छप्पर उतरतं. जानेवारीत चुलत दिराचा फोन येतो की घर सामाईक आहे, काम थांबवा. एप्रिलात विहीर तळ गाठते. मे अखेरीस अर्धवट घराला कुलूप लावून माणसं परत डोंबिवलीला जातात. आमच्या आसपासच्या वाड्यांत हे मी अनेकदा पाहिलंय आणि दर वेळी जिवाला लागलंय. यातल्या बहुतेकांकडे पैसे होते, हौस होती. चुकला तो कामांचा क्रम.

आम्ही दोघं राजापूर तालुक्यातल्या एका वाडीत, सासरच्या बंद घरात राहायला आलो त्याला सात पावसाळे झाले. पुढचं सगळं रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या चिऱ्यामातीच्या, कौलारू, वडिलोपार्जित घराला धरून लिहिलंय. निर्णयापासून मुक्कामापर्यंत दीड वर्ष धरा. नोकरी सोडणं आणि शहरातल्या घराचं काहीतरी करणं ही या यादीतली शेवटची कामं आहेत.

## टप्पा १: कागद (घराला हात लावण्याआधी)

सर्वात जास्त वेळ इथे जातो, म्हणून सुरुवात इथून.

पहिला घोळ दोन उताऱ्यांचा होतो. "नमुना ८" ग्रामपंचायत देते. ती घरपट्टीची नोंद आहे. "८-अ" हा तलाठ्याकडचा (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) खातेउतारा, म्हणजे एका खात्यावर किती जमीन आहे त्याचा कागद. लोक नमुना ८ वर आजोबांचं नाव बघून निर्धास्त होतात. घरपट्टी भरत आलो म्हणजे खालची जमीन आपली ठरत नाही. कोकणात घरं वाड्यावाड्यांत पसरलेली, त्यामुळे घर बऱ्याचदा गावठाणाबाहेर, सातबाऱ्याच्या जमिनीत उभं असतं. तेव्हा हे तीन कागद काढा:

1. ग्रामपंचायतीचा नमुना ८.
2. घर ज्या गट नंबरात किंवा सर्व्हे नंबरात आहे त्याचा सातबारा. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. घर गावठाणात असेल आणि स्वामित्व योजनेतून ड्रोन मोजणी झाली असेल, तर मालमत्ता पत्रक.
3. सातबाऱ्यावर दिलेले जुने फेरफार. नावं कधी, कशी लागली किंवा गळली ते यातच कळतं.

सातबारा हातात आला की आधी "इतर हक्क" वाचा. कुळाचं नाव, सोसायटीच्या कर्जाचा बोजा, "वनसंज्ञा" (जमीन वन म्हणून धरल्याचा) असा शेरा असेल तर तो तिथे दिसेल. मग भोगवटादार वर्ग बघा. वर्ग २ असेल तर विक्री-हस्तांतरणाला परवानगी लागते.

त्यानंतर नावं मोजा. चार-पाच गुंठ्यांवर तीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, हे आमच्याकडे नेहमीचं. प्रत्येक मयताची वारस नोंद करावी लागते: मृत्यूचा दाखला, वारसांचं प्रतिज्ञापत्र, अर्ज. अर्ज ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरून करता येतो. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीसाठी १५ दिवस असतात. फेरफार कुठवर आलाय ते "आपली चावडी" या संकेतस्थळावर दिसतं, खेपा घालायची गरज नाही.

सावधान: वारसांच्या यादीतून आत्या आणि बहिणी गाळू नका. "त्यांना काय करायचंय" असं म्हणून फक्त मुलग्यांची नावं लिहिण्याची रीत अजून आहे. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मतः हक्क आहे, आणि वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असण्याची अट त्याला नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. गाळलेलं नाव दहा वर्षांनी उभं राहतं, तेव्हा तुमचे पैसे भिंतीत गेलेले असतात.

एखाद्या नातेवाइकाने आपणहून हक्क सोडायचं कबूल केलं तर हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलंच हवं. स्टॅम्प पेपरवर नोटरी करून आणलेल्या कागदावर फेरफार होत नाही. सगळ्यांची संमती असेल तर वाटप तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली करून घेता येतं. हद्दीबद्दल जराही शंका असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज लगेच करा, नंबर लागायला वेळ लागतो.

आणि वाटप झालंच नाही तर? सामाईक घरातही राहता येतं, पण लेखी बोलणी करून. आमच्या घराचं वाटप झालेलं नाही. चार घरच्यांनी बसून एका कागदावर लिहिलं: दुरुस्तीचा खर्च आमचा, त्यामुळे कोणाचा हिस्सा कमी-जास्त होत नाही, देवाची खोली आणि ओटी सगळ्यांची, गणपतीत कोण कुठल्या खोलीत झोपणार. शेवटची ओळ वाचून लोकांना आश्चर्य वाटतं. पण गावच्या घरातली भांडणं खोलीच्या किल्लीवरून आणि गणपतीच्या नैवेद्यावरूनच पेटतात, हे ज्यांनी भोगलंय त्यांना ठाऊक आहे.

*घर नाही, जमीन विकत घ्यायची आहे अशांसाठी थोडक्यात:* महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते (१९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३). घरात कोणाच्या नावावर सातबारा असेल तर आधी शेतकरी असल्याचा दाखला काढा. सामाईक गटातले "अमुक गुंठे" विकत घेऊ नका. सिंधुदुर्गात वनसंज्ञा, आकारीपड (सारा थकल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन) आणि आंबोली-चौकुळ-गेळे भागातला कबुलायतदार गावकर (संस्थानकाळी गावकऱ्यांना कबुलायतीने दिलेल्या जमिनींचा) प्रश्न समजून घेतल्याशिवाय बयाणा देऊ नका.

## टप्पा २: पाणी (मे महिन्यातच बघायचं)

वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात पाण्याची चिंता कशाला, असं शहरातून वाटतं. पण जांभा दगड सच्छिद्र, आणि उतार समुद्राकडे. पडलेलं पाणी टिकत नाही. म्हणून विहीर पाहायची ती मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. गणपतीतली विहीर काहीच सांगत नाही.

चाचणी सोपी आहे. संध्याकाळी दोराला दगड बांधून सोडा, पाण्याच्या पातळीवर दोराला गाठ मारा. मग पाणी उपसून पातळी दोन-तीन फूट खाली न्या, पुन्हा गाठ मारा. रात्रभर विहिरीला हात लावू नका. पहाटे पातळी किती चढली ते मोजा. विहीर दोन मीटर व्यासाची असेल तर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण ३१ लिटर, एक फूट म्हणजे साडेनऊशे लिटर. जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर धरलेत. दोघांना ११० झाले. त्यावर भांडी, धुणं, पाहुणे, गुरं, झाडं. मे अखेरीस रात्रीत दहा सेंटिमीटर चढलं तर दोघांचं भागतं. बागेचं भागत नाही.

रात्रीत काहीच चढलं नाही तर? गाळ काढून पाहा, पुष्कळदा झरे गाळानेच बुजलेले असतात. तरीही नसेल तर नळजोडणी आहे का, मे महिन्यात नळाला किती दिवसाआड पाणी येतं, वाडीला टँकर लागतो का, हे शेजारच्या घरातल्या बाईला विचारा. पाणी भरणारीला तारखेनिशी माहिती असते. ही उत्तरं समाधानकारक नसतील तर मी स्पष्ट सांगते, बारमाही मुक्कामाचा विचार थांबवा. पावसाचं पाणी साठवायची मोठी टाकी बांधणं हा एक उपाय आहे, पण तो खर्च आधी धरा.

सावधान: वर्षानुवर्षं न उपसलेल्या, झाकलेल्या विहिरीत एकट्याने उतरू नका. तळाशी प्राणवायू नसतो. आधी दोराला कंदील बांधून खाली सोडा. तो विझला तर कोणीही उतरायचं नाही. कंदील तेवत राहिला तरी उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि काठावर दोन माणसं हवीतच.

उपसून झाल्यावर पाणी तपासायला द्या, आणि पिण्याआधी टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाका. साधारण १००० लिटरला अडीच ग्रॅम. दोन मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी म्हणजे सुमारे ९४०० लिटर, त्याला २५ ग्रॅम पुरे. पावडर बादलीत कालवा, चुना खाली बसू द्या, वरचं निवळच विहिरीत ओता आणि तासभर पाणी काढू नका. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक हे करून दाखवतो.

## टप्पा ३: जुलैत पंधरा दिवस राहा

दुरुस्तीच्या आधी, आहे त्या घरात. हा टप्पा सगळेच गाळतात. घर अगदी राहण्याजोगं नसेल तर शेजारी झोपा, पण दिवस आपल्या घरात काढा.

काम एकच: बघणं आणि खुणा करणं. जिथे थेंब पडतो तिथे जमिनीवर आणि वर वाशावर खूण. भिंतीला ओल जिथवर चढली असेल तिथे कोळशाने रेघ. नोव्हेंबरात गवंडी येतो तेव्हा सगळं कोरडं असतं आणि तो अंदाजाने काम करतो. आमच्या माजघराच्या भिंतीवरची कोळशाची रेघ जोत्यापासून हातभर वर होती. ती दाखवली म्हणून कळलं की पाणी वरून गळत नव्हतं. मागच्या दारचा चर बुजल्यामुळे जोत्यात मुरत होतं. फावड्याने चर मोकळा केला आणि ती भिंत पुढच्या पावसात सुकी राहिली. त्याआधी त्याच भिंतीसाठी छपराचा खर्च सांगितला गेला होता.

वहीत रोज लिहा: वीज किती वेळ गेली, फोनला रेंज कुठे आली, एसटी आली का, झड कुठल्या बाजूने येते. कपडे किती दिवसांत सुकले. आणि मन कसं होतं. सलग आठ दिवस ऊन नाही, संध्याकाळी सहालाच अंधारून येतं, बेडकांखेरीज आवाज नाही. काहींना ते सोसत नाही आणि त्यात कमीपणा काही नाही. घरातल्या दोघांनीही पंधरा दिवस राहायला हवं. एकाच्या हौसेवर घर चालत नाही.

तपासा: वारस नोंदी किंवा संमतीचा कागद झाला? मे महिन्याचं पाणी पुरेसं आहे? जुलैची वही भरली? तिन्हीला "हो" आल्याशिवाय गवंड्याला बयाणा नाही.

## टप्पा ४: दुरुस्ती (दिवाळीनंतर, वरून खाली)

क्रम असा: झाडं आणि चर, छप्पर, भिंती, वायरिंग, आणि जमीन सगळ्यात शेवटी. आधी फरशी घालून मग छप्पर उतरवणाऱ्यांच्या नव्या फरशीवर कौलं पडलेली पाहिली आहेत.

झाडं. छपरावर आलेल्या फांद्या छाटा. आंबा, फणस, साग अशी झाडं मुळापासून तोडायला परवानगी लागते, मग ती आपल्या परड्यातली का असेनात.

लाकूड. कौलं उतरवली की प्रत्येक वासा, आढं, खांब कोयत्याच्या पाठीने ठोकून पाहा. चांगलं लाकूड खणखणतं. वाळवी लागलेलं भद्द वाजतं, आणि कोयत्याचं टोक दाबलं की लोण्यात जावं तसं आत जातं. वाशाची भिंतीत रुतलेली टोकं आधी तपासा, कुजायला सुरुवात तिथून होते. वाळवीचं औषध मारायचं तर विहिरीपासून लांब आणि माहितगार माणसाकडूनच.

कौलं. जुनी मंगलोरी कौलं फेकू नका. धुऊन, सुकवून, ठोकून निवडा. बद्द वाजणारी बाजूला. नवी आणायला जाताना जुनं एक कौल सोबत न्या, कारण वेगवेगळ्या कारखान्यांच्या कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि पाणी नेमकं तिथूनच आत येतं. शंभरेक कौलं जादा घेऊन ठेवा; माकडं दरवर्षी आपला वाटा फोडतात. पुढेही दर मे महिन्यात कौलं परतून घ्यायला लागतात. तो माणूस आत्ताच हेरून ठेवा. कौलावर चढणारी माणसं आता फार थोडी उरली आहेत.

पागोळ्या. छप्पर "सुबक दिसावं" म्हणून पुढे आलेली कौलं कापू नका. पागोळ्या जोत्यापासून दूर पडल्या पाहिजेत. आमच्या वाडीत एका घराची अशी पुढे आलेली दीड फूट कौलं कमी केली आणि पहिल्याच पावसात झड थेट मातीच्या भिंतीवर आली.

भिंती. मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर करू नका. ओल आत कोंडते, माती भुसभुशीत होते, दोन-तीन वर्षांत प्लास्टर पापुद्र्यासारखं सुटतं आणि माती बरोबर घेऊन जातं. मातीला माती किंवा चुना. चिऱ्याला दरजा भरल्या तरी पुरतं. गवंडी सिमेंटचा आग्रह धरेल, कारण त्याचा हात त्यावर बसलेला असतो. मातीकाम येणारा म्हातारा गवंडी शोधण्यात महिना गेला तरी तो सार्थकी लागतो.

जोतं आहे तेवढंच ठेवून दुरुस्ती करणार असाल तर ग्रामपंचायतीला लेखी कळवा. जोतं वाढवायचं, खोली काढायची तर रीतसर बांधकाम परवानगी घ्या.

सावधान: उतरवलेली कौलं, चिरे, लाकडं भिंतीला टेकवून रचू नका. फुरशासारखा विषारी साप अशाच ढिगात बसतो.

## टप्पा ५: संडास आणि वीज

शोषखड्डा विहिरीपासून किमान १५ मीटर, आणि उताराच्या खालच्या अंगाला. जांभ्याला भेगा असतात, पाणी भराभर झिरपतं, म्हणून जागा असेल तर अंतर वाढवा. शेजाऱ्याच्या विहिरीपासूनही तेवढंच मोजा. दोघा-चौघांच्या घराला दोन खड्ड्यांचा संडास पुरतो: एक भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं.

विजेचं मीटर बहुधा आजोबांच्या नावावर असतं आणि थकबाकीमुळे कायमचं तोडलेलं असतं. थकबाकी, नाव आणि नवी जोडणी हे तिन्ही महावितरणच्या शाखेत एकदमच काढा. अर्थिंग नवं, आणि ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवाच. ओल्या भिंतीच्या घरात तो जीव वाचवतो. मे आणि ऑक्टोबरात विजा फार पडतात. फोनवर विजांचा इशारा देणारं "दामिनी" ॲप ठेवा, गडगडाट सुरू झाला की प्लग काढा.

## टप्पा ६: दवाखाना आधी पाहून ठेवा

राहायला येण्याआधी एकदा प्राथमिक आरोग्य केंद्रात स्वतः जा. तीन प्रश्न विचारा: रात्री डॉक्टर असतात का, सर्पदंशाची लस आत्ता आहे का, नसेल तर जवळ कुठे. मग घरापासून तिथवर गाडीला लागणारा वेळ घड्याळ लावून मोजा, पावसाळ्यातही. १०८ ला घर कसं सांगायचं ते कागदावर लिहून दाराजवळ लावा. "आमची वाडी" एवढं सांगून रुग्णवाहिका पोचत नाही.

साप चावला तर: अंगठी-बांगड्या काढा, तो हात-पाय हलू देऊ नका, सरळ दवाखाना. आवळून बांधणं, चिरा देणं, मंत्र, यात एक मिनिटही घालवू नका. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरणाऱ्यांनी लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) प्रतिबंधक गोळ्यांबद्दल आरोग्य केंद्रात विचारावं. दोडामार्ग-सावंतवाडीकडे माकडताप (गोचिडीमुळे होणारा ताप) आहे. मेलेल्या माकडाजवळ जाऊ नका, आढळलं तर कळवा, आणि रानातून आल्यावर अंगावरच्या गोचिडी बघा.

## टप्पा ७: वाडीत

कुंपणाची घाई नको. आम्ही पहिल्याच आठवड्यात मागच्या परड्याला तार ओढली, मोकाट गुरं येतात म्हणून. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या आजी डोक्यावर हंडा घेऊन तारेपाशी उभ्या. ओरडल्या नाहीत. हंडा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "ही वाट तुझ्या आजेसासऱ्यानं ठेवलीन, सूनबाय." विहिरीवरून वर येणारी पाचही घरांची पायवाट आम्ही अडवली होती. त्याच दुपारी तार काढली. गडगा (दगडी कुंपण) घातला तो पुढच्या वर्षी, वाट सोडून, आणि आजींनाच विचारून.

म्हणून पहिलं वर्ष एवढंच करा. वाडीच्या बैठकीला जा, बसा, ऐका. वर्गणी वेळेवर द्या. शिमग्याला पालखी घरी येते तेव्हा काय करायचं ते आधी विचारून घ्या. साकवाच्या (ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या), बंधाऱ्याच्या श्रमदानाला पैसे पाठवू नका, स्वतः जा. मजुरीचा दर वाडीत चालतो तोच द्या. शहराच्या हिशेबाने जास्त दिलात तर शेजाऱ्याला लावणीला माणूस मिळत नाही आणि तो राग बरीच वर्षं टिकतो.

भाजी पिकवून खायचं स्वप्न असेल तर माकडं आणि रानडुकरं गृहीत धरा. पहिल्या वर्षी दाराशी पडवळ, दोडकं, अळू. मोठी बाग नंतर.

## टप्पा ८: आगोट, आणि मग शहरातलं घर

अक्षय्य तृतीयेच्या आसपास राहायला या, म्हणजे पावसाआधी महिनाभर हातात राहतो. आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायला तो लागतोच: तांदूळ, कडधान्य, मसाला, आमसुलं, खात असाल तर सुकी मासळी, सुकी लाकडं छपराखाली, भरलेला जादा सिलिंडर, नेहमीच्या गोळ्या किमान दीड महिन्याच्या, ताडपत्री, विजेरी, मेणबत्त्या. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की तालुक्याला जाणं सोपं राहत नाही.

मुक्काम ठरल्यावर आधारवरचा पत्ता, रेशनकार्ड, मतदारयादी, बँक, गॅस बदलून घ्या. घाई नाही, पण आधार आधी. बाकीचे कागद त्यावर अडतात.

शहरातलं घर पहिला पावसाळा पार पडेपर्यंत विकू नका. शक्य असेल तर नोकरीचाही राजीनामा न देता बिनपगारी रजा किंवा घरून काम मागून बघा. घर भाड्याने द्यायचं असेल तर करार ११ महिन्यांचाच करा आणि महिनाभराच्या नोटिशीची अट दोन्ही बाजूंनी ठेवा. एका खोलीतलं सामान, दोन गाद्या आणि स्वयंपाकाची चार भांडी कोणा नातेवाइकाकडे शहरातच राहू द्या. आमचं ते सामान तिसऱ्या दिवाळीनंतर गावी आलं.